डबा घेऊन मंगळूरला

मंगळूरला बसनं जाऊ नये, असं ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी मला बजावलं. उरलेले म्हणाले, जायचंच असेल तर रात्रीच्या स्लीपरनं जा, म्हणजे घाट कधी आला नि कधी गेला ते कळतही नाही. मला तर घाटच बघायचा होता. मी नागपूरची. आमच्याकडे जमीन इतकी सपाट की उड्डाणपूल चढतानाही काहीतरी सर केल्यासारखं वाटतं. बंगळूरला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण बेळ्ळंदूरच्या रिंग रोडवर गाडीत बसून राहण्यालाच प्रवास म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मी फारशी कुठे गेलेली नाही. तेव्हा जानेवारीत सलग सुट्ट्या आल्या तशी मी सकाळच्या सरकारी बसनं निघायचं ठरवलं. दिवसाउजेडी घाट उतरायचा, संध्याकाळी समुद्र बघायचा, दोन दिवस मासे खायचे आणि परत यायचं, एवढा साधा बेत होता.

त्या बेतात माझे घरमालक कसे आले ते सांगायला हवं, कारण हा प्रवास माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त झाला.

इंदिरानगरात मी वरच्या मजल्यावर राहते आणि खाली अण्णा नि अक्का. दोघंही मराठी. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी मराठी फौजेच्या मागोमाग कपडे शिवायला इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. चिकपेटेत अण्णांचं ब्लाउजपीस आणि अस्तराच्या कापडाचं दुकान आहे. या मंडळींच्या मराठीत मध्येच कानडी शब्द येतो आणि तो कानडी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. माझ्या मराठीत इंग्रजी येतं ते मात्र मला ठाऊक असतं. मी राहायला आले तेव्हा अण्णा मला ‘अहो मॅडम’ म्हणत. पहिल्या संक्रांतीपासून ‘मीनल’ आणि ‘तू’ झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी घराची किल्ली द्यायला खाली गेले, तर अक्का स्वयंपाकघरात चार कप्प्यांचा डबा भरत होत्या. एका कप्प्यात पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात. एकात चपात्या, एकात शेंगदाण्याची चटणी. चौथ्यात दशम्या, दोन दिवस टिकतील अशा.

“अण्णा कुठे निघालेत?” मी विचारलं.

“मंगळूरला. रूपाकडं. तूही तिकडंच निघालीस म्हणे? मग ह्यांच्याबरोबरच जा की गं. तिकडं हे काही खायचे नाहीत. स्वल्प लक्ष ठेव.”

रूपा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मुलीकडे जाताना दोन दिवसांचं जेवण बरोबर का, असं मी विचारलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

“मुलीचं घर ते. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही आमच्यात. तिला मूल झालं, नातवाचं तोंड बघितलं, की मग पहिला घास.”

ही चाल मी ऐकली होती. आमच्याकडेही जुन्या लोकांत होती, पण आता तिची कुणाला आठवणही नाही. माझे वडील माझ्या बहिणीकडे महिना महिना मुक्काम ठोकून असतात आणि वर भाजीत मीठ कमी आहे म्हणून तक्रारही करतात. मी हसून हे अक्कांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

दिवाळीनंतर रूपाचं ऑपरेशन झालं होतं. गाठी फार वाढल्या होत्या, गर्भाशयच काढावं लागलं. हे मला तेव्हा कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत अण्णा फक्त दोनदा तिच्या घरी गेले होते. दोन्ही वेळा अर्धा तास बसून परतीची बस पकडली होती.

“आता नातू कुठला,” अक्का डब्याची कडी दाबत म्हणाल्या. “म्हणजे ह्यांचा नेम जन्माचा झाला बघ.”

“आणि रूपा?”

“ती कधी काही म्हणते का? गेल्या आठवड्यात फोनवर एवढंच म्हणाली, अण्णांना सांग, भेटायलाच पाहिजे असं काही नाही, उगाच दगदग होईल. मी ह्यांना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे तिकीट काढून आले.”

ऑपरेशनच्या वेळी अक्का स्वतः पंधरवडाभर मंगळूरला राहून आल्या होत्या. तेव्हा तुम्ही काय केलंत, हे विचारल्याशिवाय माझ्याच्यानं राहवेना. अक्कांनी तांदूळ, डाळ, अगदी मीठसुद्धा बंगळूरहून नेलं होतं आणि आपल्यापुरतं वेगळं शिजवून खाल्लं होतं. पण पाण्याचं काय? तर त्यांनी शहाळ्यांवर दिवस काढले होते. शहाळ्यातलं पाणी झाडाचं, घराचं नव्हे, असा त्यांचा हिशेब.

“आणि भात शिजवायला?”

“तू फार प्रश्न विचारतेस,” अक्का म्हणाल्या.

मॅजेस्टिक

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर भल्या पहाटेसुद्धा दुपारसारखी वर्दळ असते. अण्णा माझ्या आधी येऊन खिडकीची जागा सोडून बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला उभं गंध. पायाशी डबा. डब्याशेजारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन. वरच्या रॅकवर अवरेकाईची पिशवी. अवरेकाई म्हणजे आपल्या वालाचं चुलत भावंड. बंगळूरला थंडीत त्याचं वेड असतं. अक्कांनी रात्री बसून शेंगा सोलल्या होत्या, रूपाला आवडतात म्हणून. मुलीकडे न्यायचं भरपूर, आणायचं काही नाही, असा एकंदर व्यवहार.

“अण्णा, मंगळूरलाही पाणी मिळतं म्हणे,” मी कॅनकडे बघत म्हणाले.

विनोद पडला. अण्णांनी मान हलवली आणि कॅन सीटखाली आणखी आत सरकवला.

बस शहराबाहेर पडायला जो वेळ लागला त्याबद्दल काही लिहीत नाही. बंगळूरच्या रहदारीवर लिहिणाऱ्यांची कमतरता नाही आणि ते वाचणारे त्या वेळी रहदारीतच बसलेले असतात.

आमचा कंडक्टर अथणीकडचा निघाला. मंगळूरच्या गाड्यांवर उत्तर कर्नाटकातली पोरं पुष्कळ असतात. आमचं बोलणं ऐकून तो तिकीट तपासता तपासता थांबला आणि सीमेवरच्या खणखणीत मराठीत म्हणाला, “मराठी काय तुमी? बरं झालं. दिवसभर तुळू ऐकून कान किटत्यात माझं.” त्यानंतर मंगळूरपर्यंत तो आमचा झाला. कुठे लघवीला उतरायचं, कुठली कॉफी चांगली, कुठली बाजू उन्हाची, सगळं येऊन सांगे.

यडियूर

न्याहारीला बस यडियूरच्या जवळ थांबली. तट्टे इडली नावाची गोष्ट मी बंगळूरला खाल्ली होती, पण इथली खरंच ताटलीएवढी होती आणि तिच्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा वितळत होता. सकाळी सकाळी तर्री-पोहे खाऊन ठसका लागल्याशिवाय आम्हां नागपूरकरांचा दिवस सुरू होत नाही. त्या मानानं ही इडली म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. पण दोन खाल्ल्यावर माझं मत बदललं.

मला वाटलं होतं अण्णा डबा उघडतील. ते माझ्याबरोबर हॉटेलात आले आणि इडली, वडा, वर कॉफी, असं व्यवस्थित जेवले. डबा बसमध्येच होता.

“मग हे चालतं?” मी म्हणाले.

“हॉटेलात काय. खाल्लं, दाम दिलं, आयतु. झालं. उपकार राहत नाही.” कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत ते म्हणाले, “मुलीचं घर म्हणजे आपण दिलेलं घर. दिलेल्या ठिकाणाहून घ्यायचं नसतं. सासरच्यांनी म्हणायला नको की बाप येतो नि ताटावर बसतो.”

“रूपाच्या सासरचे असं म्हणतील?”

“छे! सोन्यासारखी माणसं आहेत.”

“मग?”

अण्णांनी कॉफी संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “माझे वडील पाळत होते. त्यांचे वडील पाळत होते.” एवढंच. यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते चांगलं चुरचुरीत होतं. पण कंडक्टरनं शिट्टी मारली आणि आम्ही उठलो. आता वाटतं, शिट्टी वाजली ते बरंच झालं. सत्तरीच्या माणसाला प्रश्न विचारून तोंडावर पाडण्यात काही शौर्य नाही.

हासन गेलं, आणि सकलेशपूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कॉफीचे मळे लागले. कॉफीची झाडं खुजी, आणि त्यांच्यावर सावली धरायला उंच झाडं, त्या उंच झाडांवर मिरीचे वेल चढलेले. एका जमिनीत तीन पिकं, एकमेकांच्या डोक्यावर. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत असं काही कुणी केलं तर शेजारी हसतील. हवा गार झाली होती. मी खिडकी उघडली. अण्णांनी मफलर गुंडाळला. बस घाटाला लागली.

शिराडी घाट

घाटाचं वर्णन मी करणार होते. मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण तिसऱ्या की चौथ्या वळणावर माझ्या पोटातल्या तट्टे इडल्यांनी उठाव केला आणि त्यापुढचा निसर्ग मी डोळे मिटून पाहिला. अण्णांनी न बोलता खिशातून लिंबू काढून माझ्या हातात ठेवलं. हुंगत राहायचं, खायचं नाही. ते त्यांनी माझ्यासाठीच आणलं होतं. त्यांना स्वतःला बस लागत नाही.

आणि मग बस थांबली. पुढे एका वळणावर लॉरी आडवी झाली होती. दोन्हीकडून गाड्या अडल्या. आधी सगळे बसून राहिले, मग उतरून रस्त्यावर उभे राहिले, मग परत येऊन बसले. खाली दरीत कुठेतरी ओढा वाहत होता, त्याचा आवाज येई पण ओढा दिसत नसे. मला एकदम बरं वाटू लागलं. घाट बघायचा तर बस उभी पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या डोंगरावर झाडांचे इतके हिरवे रंग होते की त्यांना वेगवेगळी नावं असायला हवीत, पण मराठीत आपण सगळ्याला हिरवंगार म्हणून मोकळे होतो.

जेवणाची वेळ टळून गेली. पुढचं हॉटेल घाटाखाली, आणि घाटाखाली कधी पोचणार ते कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या सीटवर एक तरुण बाई आणि तिची चार-पाच वर्षांची मुलगी होती. मुलीनं आधी कुरकुर केली, मग भोकाड पसरलं. आईनं पिशवीतलं बिस्किट दिलं, ते तिनं फेकून दिलं.

अण्णांनी डबा वर घेतला. मला वाटलं मुलीला एखादी चपाती देतील. त्यांनी कागद पसरला, चारही कप्पे सुटे करून ओळीनं मांडले आणि कानडीत सगळ्यांना म्हणाले, या, ऊट करू या. जेवून घेऊ. लोक आधी लाजले. मग कंडक्टर आला, आणि तो आल्यावर कुणाला लाजायचं कारण उरलं नाही. पुळियोगरे तर बघता बघता संपला. मुलगी दशमीचा तुकडा चटणीत बुडवून गप्प झाली. मी एक चपाती खाल्ली. अण्णांनी किती खाल्लं ते माझ्या लक्षात आलं नाही, बहुतेक काहीच नाही.

“अण्णा, जाताय कुठं एवढं सामान घेऊन?” कंडक्टरनं बोटं चाटत विचारलं.

“मुलीकडं.”

“मुलीकडं? मग डबा कशाला बांधलासा? ती जेवू घालनारच की! लेकीच्या हातचं जेवायचं सोडून हे काय!”

तो चांगल्या मनानं बोलला होता. अण्णांनी रिकामे कप्पे एकात एक बसवले, कडी लावली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

थोड्या वेळानं ड्रायव्हर मागे येऊन पाणी मागू लागला. बराच वेळ घाटात अडकून इंजिन चालू-बंद करून गाडी तापली होती. प्रवाशांच्या बाटल्यांनी काय होणार? अण्णांनी सीटखालून कॅन ओढला. पाचही लिटर पाणी रेडिएटरला गेलं. बसनं मोठा उसासा टाकला. मी अण्णांना म्हणाले, “आता तुमचं कसं होणार?” तर म्हणाले, “होईल की काहीतरी. सरी, असू दे.”

डबा रिकामा, कॅन रिकामा. हे सगळं त्यांनी चांगुलपणानं केलं की आणखी कशानं, याचा मी तेव्हा विचार केला आणि अजूनही करते. माणूस दोन्ही कारणांनी एकच गोष्ट करू शकतो.

वाहनं हलायची वाट बघताना त्यांनी मला त्यांच्या आत्याची हकीकत सांगितली. आत्या तुमकूरला दिलेली. तिला मूल झालं नाही. अण्णांचे आजोबा वर्षातून एकदा तिला भेटायला जात, आणि लहानपणी अण्णा त्यांच्याबरोबर जात. आजोबा बाहेरच्या कट्ट्यावर बसत, बरोबर नेलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पीत. अण्णांना आत नेऊन आत्या जेवायला वाढी, कारण मुलांना नेम नसतो.

“ती मला वाढायची आणि खिडकीतून बाहेर बघत राहायची,” अण्णा म्हणाले. “मला तेव्हा वाटायचं, रस्त्यावर काय आहे एवढं बघायला? आजोबांची पाठ होती ती. आजोबा गेले ते तसेच गेले. तिच्या घरचं पाणी नाही प्याले.”

अण्णा माझ्याशी बोलत होते असं मला वाटेना. मग पुढच्या गाड्यांचे दिवे लागले, लोक धावत आपापल्या बसकडे आले आणि आम्ही घाट उतरू लागलो. माझ्या हातात लिंबू होतं.

मंगळूर

समुद्रकाठचं शहर म्हणजे बसमधून उतरलं की समुद्र समोर, अशी माझी समजूत. आम्हां विदर्भातल्या लोकांच्या डोक्यात समुद्राचं हेच चित्र असतं. मंगळूर सगळं टेकड्यांवर वसलेलं आहे. रस्ते वर जातात, खाली येतात, वळतात, आणि समुद्र कुठेच नाही. फक्त कपडे अंगाला चिकटतात. गार बंगळूरातून निघून आम्ही जणू न्हाणीघरात उतरलो होतो. समुद्र मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून जाऊन पाहिला. चांगला होता. मासेही चांगले होते, आणि सकाळी खाल्लेले बन्स, म्हणजे केळं घालून केलेल्या गोडसर टम्म पुऱ्या, तर फारच. पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते पहिल्याच संध्याकाळी झालं.

स्टँडजवळच्या लॉजवर आम्ही दोन खोल्या घेतल्या. मुलीकडे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. अण्णा अंघोळ करून, नवा शर्ट घालून खाली आले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांच्याही पोटात असणारच.

“अण्णा, आधी इथेच काहीतरी खाऊन घेऊ या का?” मी म्हणाले. अक्कांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. “तिकडे मग तुमची पंचाईत.”

“नको. उशीर होईल,” ते म्हणाले. उशीर कशाला होणार होता ते मला कळलं नाही. त्यांनी अवरेकाईची पिशवी उचलली. रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या बंदांना सारखी गाठ मारत होते, सोडत होते.

रूपाचं सासर म्हणजे कौलारू बैठं घर. पुढे अंगण, अंगणात नारळाची झाडं. मला अक्कांच्या शहाळ्यांची आठवण झाली. ती झाडंही याच घराची की! घरची भाषा तुळू, पण अण्णांशी सगळे कानडीत बोलत. जावई जगदीश फाटकापर्यंत आला, त्यानं पिशवी घेतली. तो बंगळूरला रूपाच्याच ऑफिसात होता, लग्नानंतर वडिलांचा तेलाचा घाणा बघायला दोघं इकडे आले. त्याच्या आईनं आम्हाला ओसरीवर बसवलं. लाल कोब्याची गुळगुळीत जमीन, वर कौलं, भिंतीशी लाकडी बाक. पाय टेकवले की थंडावा थेट वर चढतो.

आणि रूपा आली. मी तिला अक्कांच्या मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं होतं, त्यापेक्षा बरीच वाळलेली. तिनं वाकून नमस्कार करायला बघितलं तर अण्णा घाईनं म्हणाले, “वाकू नको, वाकू नको.” ऑपरेशनविषयी त्या दोघांत झालेलं पहिलं बोलणं एवढंच.

ती आत गेली आणि ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत गुळाचा खडा आणि पाण्यानं भरलेला पेला. त्या भागात कुणीही दारी आलं की चहाकॉफीच्या आधी गूळ आणि पाणी येतं, हे जगदीशनं मला सांगितलं. आधी गूळ, मग पाणी, मग बोलणं. आपल्याकडेही हे होतंच की! उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं. आता फ्रिजमधली बाटली येते आणि आलेला माणूस ती उघडतही नाही.

मी अण्णांकडे पाहिलं. आता त्यांना नाही म्हणावं लागणार. सकाळच्या इडलीवर असलेला बाप मुलीनं पुढे केलेला पाण्याचा पेला नाकारणार आणि ते आपण बघणार. उठून अंगणात जावं असं मला वाटलं.

तसं काही झालं नाही. रूपानं ताटली माझ्यासमोर ठेवली. ताटली एकच होती. अण्णांपुढे तिनं काहीच ठेवलं नाही. सासूबाईंनी टेबलफॅनचं तोंड अण्णांकडे वळवलं आणि घाटात फार वेळ गेला का म्हणून विचारलं. कुणाच्या चेहऱ्यावर वेगळं काही नव्हतं. जगदीशनं पुढे मला सांगितलं की लग्न होऊन आली तेव्हाच रूपानं घरात सांगून ठेवलं होतं: आमच्या अण्णांना काही विचारायचं नाही. विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणताना त्यांना फार जड जातं. दारात आलेल्याला गूळ-पाणी न देणं त्या घरात शिवी देण्यासारखं आहे. ते लोक सुनेच्या शब्दाखातर सहा वर्षं व्याहीबुवांना कोरडं बसवत आले होते.

मी गूळ तोंडात टाकला. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं.

अवरेकाईची गोष्ट निघाली. अक्कांच्या गुडघ्यांची निघाली. डॉक्टरांनी रूपाला जड उचलायला मनाई केली आहे, हे सासूबाईंनी सांगितलं, आणि ती ऐकत नाही, हेही सांगितलं. अण्णा मान डोलावत होते. मग बोलायचं संपलं. फॅन फिरत होता. माझा पेला अर्धा भरलेला होता आणि अण्णा त्याच्याकडे बघत होते. अर्धा तास होत आला असावा. मागच्या दोन्ही खेपांना ते याच सुमाराला उठले असणार. रूपा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, निरोप द्यायच्या तयारीत.

“रूपा,” अण्णा म्हणाले, “मला नाही?”

तिला कळलं नाही. “काय अण्णा?”

“गूळ. मीनलला दिलास. मला नाही?”

सासूबाई पदरानं मान पुसत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला. रूपा दोन पावलं पुढे आली. आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, “अण्णा, आईनं सांगितलं ना तुम्हाला सगळं? आता ते काही… होणार नाही.”

“सांगितलं की,” अण्णा म्हणाले. “म्हणून तर मागतोय.”

ती आत गेली. आत डब्यांची झाकणं पडल्याचे आवाज झाले. जगदीश उठायला लागला तर आईनं त्याला नुसत्या नजरेनं खाली बसवलं.

रूपा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटलीही नव्हती. मुठीत लिंबाएवढा गुळाचा खडा होता, फोडायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. दातांनी तोडायचा प्रयत्न केला, तुटेना, तसा अख्खाच गालात धरला. ती समोर उभी राहून बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो. तोंड भरल्यामुळे त्यांना धड बोलता येत नव्हतं.

“पाणी,” ते म्हणाले. “पाणी आण की गं.”